हललेला कागद आणि विकली गेलेली उशी

निळीशाई
गेली तीन वर्षं मी माझी डिझाइन्स मागणीनुसार छापून देणाऱ्या संकेतस्थळांवर टाकते आहे. चित्र आपलं, कापड, छपाई, पाकीट, पोच हे सगळं त्यांचं. कुणी उशीचा अभ्रा मागवला की तेवढा एकच अभ्रा छापला जातो. माल साठवायचा नाही, आधी पैसे गुंतवायचे नाहीत. सगळे म्हणाले टाक, मी टाकलं.

आज दुकानात १४६ डिझाइन्स आहेत. त्यांतली १९ एकदा तरी विकली गेली. त्या १९ मध्ये जिचा पहिला नंबर लागतो, ती मी रद्दीत घालायला निघाले होते. आधी तिची गोष्ट सांगते, मग प्रश्न विचारते.

मी सायनोटाइप करते. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार पाण्यात विरघळवून, मंद उजेडात कागदाला फासायचे आणि वाळू द्यायचे. मग कागदावर एखादं पान ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तिथे निळं, पानाची सावली असेल तिथे पांढरं. शेवटी साध्या पाण्याने धुतलं की काम झालं. हर्शेलला आपल्या टिपणांच्या नकला काढायला काहीतरी हवं होतं. पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स या बाईंनी त्यातून समुद्रशेवाळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, आणि ते ठसे आजही बघत राहावे असे आहेत.

तर एकदा माझी काच नीट बसली नव्हती. वारा आला, पान सरकलं. म्हणजे निम्मा वेळ पान एका जागी, निम्मा वेळ दुसऱ्या. दोन्ही सावल्या जिथे एकमेकींवर पडल्या तिथे पांढरंशुभ्र, आणि दोन्ही अंगांना फिकट निळं भूत. मी वैतागले, पण कागद फुकट जाऊ नये म्हणून दुकानात चढवला. तोच विकला गेला, आणि अजूनही जातो.

मग मी शहाणपणा केला. मुद्दाम सरकवून बारा कागद केले. बारापैकी एकही गेला नाही. त्याचं मला एवढं काही नाही. पण आता पान ठेवायच्या आधीच, याला कोणते टॅग लावायचे, हा विचार डोक्यात येतो. हात पूर्वीसारखा चालत नाही, बिचकतो. तुम्ही प्रयोग आणि दुकान वेगळं ठेवता का? कसं?

मधलीसुट्टी
वाऱ्याला रॉयल्टी दिलीत का?
(लेख आवडला. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.)

आडवी_रेघ
'कला की बाजार' हे दळण दळून दळून पिठाचं भुस्कट झालंय, त्यामुळे त्या वाटेला जात नाही. साधा प्रश्न. ते पहिलं डिझाइन कशावर विकलं गेलं? आणि ते बारा कशावर लावले होते?

निळीशाई
पहिलं जवळजवळ सगळं उशीवर. बारा मात्र सगळ्यावर लावले. ते एक बटण असतं ना, दाबलं की चहाचा मग, वही, पडदा, फोनचं कव्हर, शर्ट, सगळीकडे एकदम चढतं. ते दाबलं.

जुना_छापखाना
मेख तिथेच आहे, ताई. ते बटण म्हणजे एकाच मापाची चप्पल अख्ख्या गावाला.

उशी म्हणजे हातभर चौकोन. त्यावर तुमचा कागद होता तसा मधोमध बसला, चित्र चित्रच राहिलं. त्याचाच पडदा केला की यंत्र काय करतं? तोच चौकोन शेजारी शेजारी मांडत जातं. एकट्या पानाचं गूढ जातं आणि गणवेशाचं कापड उरतं. फोनच्या कव्हरवर उलटं होतं. चित्र आक्रसतं आणि तुमच्या त्या फिकट भुताचा ठिपकासुद्धा दिसत नाही.

आता खरं सांगा, कागद स्कॅन केला होता की फोनने फोटो काढला होता? फोनचा असेल तर एक कोपरा दुसऱ्यापेक्षा कणभर काळपट असतोच. सुट्या चित्रात डोळ्याला ते कळत नाही. तीच टाइल वीस वेळा लागली की काळपट कड उजळ कडेला भिडते आणि कापडावर फरशी घातल्यासारखी जाळी दिसायला लागते. मी या जाळीपायी आलेल्या नमुन्यांना रांगेत उभं करून नाकारलेलं आहे.

स्कॅनरवर ए४ कागद ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) घेतला तर साधारण ४९६० बाय ७०१६ पिक्सेल हाती येतात. तेच ३०० ने छापले तर ए२ होतो, म्हणजे दोन्ही बाजू दुप्पट. कापडाला १५० सुद्धा चालतात, कारण विणीच्या खडबडीत अंगावर त्याहून बारीक तपशील टिकत नाही. म्हणजे त्याच स्कॅनमधून थेट ए० पर्यंत जाता येतं. फोनच्या फोटोतही पिक्सेल भरपूर असतात, पण सपाट कागदावर सगळीकडे एकसारखा उजेड पाडणं हे फोनचं काम नाही.

आणखी एक. छपाई कोणत्या जातीची आहे ते बघून डिझाइन लावा. उशा, पडदे बऱ्याचदा सब्लिमेशनचे असतात. तिथे कागदावर छापलेली शाई सुमारे २०० अंश सेल्सियसला दाबतात, तिची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. या प्रकारात पांढरी शाई नसतेच. पांढरा म्हणजे कापडाचा पांढरा. तुमच्या कामाला हे उत्तम, कारण तुमच्या कागदावरही पांढरा म्हणजे कागदच असतो. सुती शर्टाला मात्र डीटीजी, म्हणजे इंकजेटनेच थेट कापडावर. शर्ट गडद असेल तर आधी पांढऱ्या शाईचा थर देतात आणि त्यावर रंग. तुमची फिकट कड अर्धपारदर्शक ठेवून फाइल पाठवलीत तर तिच्याखालीही पांढरं येतं. भूत दिसायच्या ऐवजी पावडर सांडल्यासारखं दिसतं.

निळीशाई
फोनने. सगळे बाराच्या बारा. लाज वाटते सांगायला.

बोरू
काका, प्रतिसाद साठवून ठेवलाय. मी अगदी नवा आहे. टाइल एकमेकींना जोडताना शिवण दिसू नये म्हणून काय करतात? माझी फुलं कडेला अर्धी कापली जातात.

पानगळ
@बोरू, संगणक सोडा, आधी कागदावर करून बघा. एकदा हाताने केलं की कायमचं कळतं.

चौकोनी कागदाच्या मध्यभागी चित्र काढा, कडेला हात लावू नका. कागद मधोमध उभा कापा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. आता आडवा कापा, वरचा खाली, खालचा वर. चित्राचे तुकडे चार कोपऱ्यांत गेले आणि मध्ये मोकळी जागा आली. ती जागा भरा, पण बाहेरच्या कडा तशाच राहू द्या. त्या कडा मुळात एकमेकींना लागून होत्या, त्यामुळे शेजारी दुसरी टाइल आली की बेमालूम जुळणारच. सगळी जादू एवढीच.

संगणकावर हवं असेल तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात डब्ल्यू दाबलं की रॅप-अराउंड सुरू होतं. उजव्या कडेने बाहेर गेलेली रेघ डाव्या कडेने आत येते, आणि दूर जाऊन बघितलं की अख्खं कापड समोर दिसतं. मी तासन् तास त्यात हरवते.

मात्र शिवण गेली म्हणजे नमुना झाला असं नाही. सरळ रिपीटमध्ये डोळा लगेच रांगा पकडतो. तुमचं सगळ्यात ठळक फूल असेल ना, त्याची आडवी माळ दिसते. म्हणून हाफ-ड्रॉप करतात. शेजारचा उभा पट्टा अर्ध्या टाइलने खाली सरकवायचा. आडव्या रांगा मोडतात. पण तिरप्या रांगा तयार होऊ शकतात, त्यामुळे लहान करून तीन बाय तीन लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा आणि डोळे बारीक करून बघा. जे काही पट्ट्यांसारखं दिसेल ते चुकलंय.

यादृच्छिक
हा धागा माझ्या गल्लीत आलाय, आता बोललंच पाहिजे.

पानगळ सरकवणं म्हणतायत ते गणितात फार मोठं प्रकरण आहे. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पसरत जाणारी नक्षी फिरवणं, उलटवणं, सरकवणं या क्रियांनी किती वेगळ्या रचनांची होऊ शकते? फक्त १७. फेदोरोव्ह या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. १९२४ मध्ये पोल्या या गणितज्ञाने ते पुन्हा मांडलं आणि प्रत्येक प्रकाराची आकृती दिली. एशर हा डच चित्रकार १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये स्पेनच्या आलाम्ब्रा राजवाड्यातल्या भिंती बघून वेडा झाला होता, पण पुढे जायची वाट सापडत नव्हती. त्याचा भूवैज्ञानिक असलेला सावत्र भाऊ म्हणाला, हे स्फटिकशास्त्रातलं आहे, हे वाच. एशरला त्यातलं गणित झेपलं नाही, पण पोल्याच्या आकृत्या त्याने वहीत उतरवून घेतल्या. पुढचे सगळे मासे आणि पक्षी तिथून आले.

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइल्ड क्लोन्स म्हणून सोय आहे, त्यात हे सतराच्या सतरा प्रकार यादीने दिलेत. एक वेडीवाकडी रेघ काढा आणि एकेक निवडत जा. एक अख्खी संध्याकाळ गेली नाही तर मला सांगा.

माझं काम मात्र कोडमधून येतं. प्रोसेसिंग नावाची भाषा आहे, बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ मध्ये सुरू केलेली, कलाकारांसाठीच. मी नियम लिहितो, चित्र नियमातून निघतं. आणि निळीशाई, तुमच्या वाऱ्याचं काम माझ्याकडे रँडम करतं. संगणकाने चित्रं काढणाऱ्या व्हेरा मोल्नार २०२३ मध्ये गेल्या, शंभरीला थोडे दिवस राहिले असताना. त्यांनी १९६८ पासून संगणक वापरला, आणि त्याच्याही आधी कागदावर 'काल्पनिक यंत्र' चालवलं : नियम ठरवायचे आणि यंत्र असल्यासारखं आपणच ते पाळायचे. नीटनेटक्या चौकोनांच्या जाळीत त्या चिमूटभर बेशिस्त घालायच्या. सगळी मजा त्या चिमटीच्या मापात. तुमच्या पहिल्या कागदात ती चिमूट होती. बारा कागदांत तुम्ही मूठभर घातलीत, असा माझा अंदाज.

हात बिचकण्याबद्दल : मी प्रयोगाचं फोल्डर आणि दुकानाचं फोल्डर पूर्ण वेगळं ठेवतो. ग्राहकाचा प्रयोगाशी काही संबंध नाही, नसावा.

(एक रडगाणं. रँडमचा सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून सगळा यदृच्छेचा खेळ सुरू होतो तो, फाइलच्या नावात लिहायला मी एकदा विसरलो. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर चित्र पडद्यावर होतं. ते ८०० पिक्सेलचंच उरलंय. पोस्टर कधीच होणार नाही. तेव्हापासून आधी सीड, मग नजर.)

मधलीसुट्टी
"आधी सीड, मग नजर" हे शर्टावर छापा, मी घेतो.

आडवी_रेघ
यादृच्छिक, बाकी सगळं मान्य, 'ग्राहकाचा संबंध नाही' हे नाही.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस घ्या. पक्का दुकानदार माणूस, भिंतीचे कागद आणि पडदे विकायचा. त्याला नीळ हवी होती, पण कापडावर निळीची नक्षी छापणं भयंकर किचकट. मग उलट्या बाजूने गेला. आधी अख्खं कापड निळं बुडवायचं, मग नक्षीच्या जागेवरचा निळा ब्लीचने काढायचा, आणि त्या पांढऱ्या जागांत तांबडा, पिवळा बसवायचा. जमेना. १८८१ मध्ये त्याने मर्टन अॅबीला नदीकाठी कारखाना हलवला आणि तिथे जमवलं. स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांचं ते प्रसिद्ध कापड १८८३ चं, याच पद्धतीचं. हा प्रयोग कुठल्या फोल्डरात घालणार? पडदा विकायचाच नसता तर तो या भानगडीत पडला असता का?

वस्तू हीच अडचण, आणि अडचण हाच प्रयोग. निळीशाई, तुम्ही बारा वेळा पान सरकवलंत, पण वस्तूकडे एकदाही पाहिलं नाहीत. बोचरं वाटेल, पण मला असंच दिसतंय.

निळीशाई
बोचलं. पण दुपारभर तेच डोक्यात आहे.

आणि तुम्ही मॉरिसचं सांगितलंत त्यावरून भलतंच आठवलं. सायनोटाइपचा निळा धुण्याच्या सोड्याने उडतो. अल्कली त्याला सोसतच नाही. एकदा चुकून शिंतोडे उडाले होते आणि मी त्या कागदावर चडफडले होते. म्हणजे आधी अख्खा कागद निळा करायचा आणि कुंचल्याने सोड्याचं पाणी लावत पान 'काढायचं'. सावलीने नाही, पुसून. उद्या करते.

पानगळ
हात बिचकण्याबद्दल मीही लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. माझा उपाय कलेचा नाही, झाडूचा आहे. दुकानातली ९० डिझाइन्स काढून टाकली. बघणाऱ्याला १४६ मधून काय निवडायचं ते कळत नाही, आणि आपल्यालाही आपण कोण ते कळत नाही. आता मी एका प्रयोगाचा संच करते : एक मोठा, ठळक नमुना, त्याला साथ देणारा एक मधला, आणि एक अगदी शांत, ठिपके नाहीतर रेघांचा. तिघांचे रंग एकच. मोठा पडद्याला, मधला उशीला, शांत वहीला. लोक बऱ्याचदा दोन एकत्र घेतात. संच पुरा होईपर्यंत विक्रीचं पान मी उघडतच नाही.

टॅगबद्दल एकच. 'अमूर्त', 'सुंदर', 'कला' असल्या शब्दांनी कुणी काही शोधत नाही. चित्रात जे दिसतं ते लिहा : पान, नेचा, निळा, ठसा. आणि टॅग शेवटी लावा, धुतलेला कागद वाळल्यावर.

पैशाचं पण बघून घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. काही ठिकाणी मार्कअप असतो, म्हणजे मूळ खर्चावर टक्के, काही ठिकाणी रॉयल्टी, म्हणजे विक्रीच्या किमतीवर टक्के. वस्तूचा मूळ खर्च १०० धरा. मार्कअप २० टक्के म्हणजे विक्री १२० ला, तुम्हाला २०. रॉयल्टी २० टक्के असेल आणि विक्री १२० लाच झाली तर तुम्हाला २४. आकडा तोच, हातात वेगळं. शिवाय सवलतीच्या दिवसांत रॉयल्टी सवलतीच्या किमतीवर मोजतात की मूळ किमतीवर, हे अटींमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असतं. ते वाचल्याशिवाय आनंद करू नका.

आणि हे सांगायचं राहतच होतं. निळीशाई, तुमचं सरकलेलं पान मला काल भलत्याच एका दुकानात दिसलं. नाव वेगळं, चित्र तेच. डाव्या कोपऱ्यातला धुताना पडलेला डागसुद्धा तसाच आहे.

निळीशाई
काय??

कलमकसाई
शांत व्हा. आधी स्क्रीनशॉट घ्या, पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा. तक्रार पाठवली की ते पान गायब होतं आणि मग दाखवायला काही उरत नाही.

कॉपीराइटच्या हक्काची चिंता नको. १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ मध्ये आलेलं तत्त्व असं आहे की करारातल्या देशांत चित्र निर्माण झालं की हक्क आपोआप लागतो, नोंदणीची अट नाही. आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत. नोंदणी केलेली असेल तर काही देशांत दावा लावताना बळ मिळतं, हा वेगळा भाग. तुमच्याकडे तर मूळ कागदच आहे, डागासकट. त्याहून मोठा पुरावा कोणता? विक्रीस्थळांवर हक्कभंगाच्या तक्रारीचा अर्ज असतो, तो भरा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानंतर ही 'कळवा आणि काढतो' पद्धत जवळपास सगळीकडे रुळली आहे. रागाचं भाषण लिहू नका. मूळ काम इथे, नक्कल तिथे, काढा. तीन ओळी पुरेत.

चोरी करणारा कदाचित माणूसही नसेल. ट्विटरवर (आताच्या एक्सवर) कुणी चित्राखाली "हे मला शर्टावर हवंय" असं लिहिलं की ते चित्र उचलून शर्टावर चढवणारे बॉट असतात. डिसेंबर २०१९ मध्ये चित्रकारांनी त्यांचीच फिरकी घेतली. 'हे दुकान चोरीची चित्रं विकतं' अशा अर्थाचा मजकूर चित्र म्हणून टाकला आणि मित्रांना खाली "शर्टावर हवंय" लिहायला लावलं. बॉटांनी इमानेइतबारे तोच शर्ट विक्रीला ठेवला. काहींनी मिकी माउस टाकला, हेतू असा की वकिलांनी पुढचं बघून घ्यावं.

दुखणं नवं नाही. सोळाव्या शतकात कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलंय की रायमोंडी नावाचा खोदकाम करणारा ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या लाकडी ठशांच्या हुबेहूब नकला विकत होता, खाली ड्यूररच्या सहीचं चिन्हही तसंच. ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केली. निकाल काय मिळाला? चिन्ह वापरू नकोस, एवढाच. चित्रांच्या नकला सुरूच.

मात्र तुमच्या हक्काची हद्दही समजून घ्या. 'सरकलेल्या पानाचा सायनोटाइप' ही कल्पना तुमची नाही, कुणाचीच नाही. उद्या कुणी स्वतःचं पान सरकवलं तर करू दे. तुमचं आहे ते हे पान, हा डाग.

आणि सगळ्यांसाठी : फुकट मिळालेले फॉन्ट आणि ब्रश वापरताना 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलंय का ते बघा. आपण चोराच्या नावाने बोटं मोडायची आणि आपल्याच पोस्टरवर बिनपरवान्याचा फॉन्ट, असं पाहिलंय मी.

बोरू
संग्रहालयांची जुनी चित्रं वापरली तर चालतात ना? आणि एआयने केलेली?

कलमकसाई
जुनी चित्रं : हक्क संपलेले असतील तर चालतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये असे लाखो फोटो सीसी-झीरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, खुले केले. पण तुम्हाला मोकळं ते सगळ्यांना मोकळं. होकुसाई या जपानी चित्रकाराची लाट किती मगांवर आहे मोजून बघा. त्यात तुम्ही स्वतः जी भर घालाल तेवढीच तुमची.

एआय : अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका स्पष्ट आहे, माणसाचं कर्तृत्व असेल तेवढ्याच भागाला संरक्षण. म्हणजे निव्वळ सूचना देऊन काढलेलं चित्र कुणी उचललं तर तिथे तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. नीतीचा वाद वेगळ्या धाग्यावर करू, इथे नको.

यादृच्छिक
फक्त एवढं नोंदवतो की कोड लिहून काढलेलं चित्र म्हणजे एआय नव्हे. महिन्यातून दोनदा तरी मला हे कुणाला तरी सांगावं लागतं. गप्प बसतो आता.

निळीशाई
बरेच दिवसांनी येते आहे. हकीकत :

ती नक्कल तक्रारीनंतर सहा दिवसांनी उतरली. तीन ओळीच लिहिल्या. चौथी ओळ मनात होती ती मनातच ठेवली.

दुकानातली १०१ डिझाइन्स काढली. ४५ उरली. काढताना एकदाही वाईट वाटलं नाही, हेच जरा वाईट वाटलं.

सोड्याचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला. पाणी कडक झालं होतं, सगळं पिवळट होऊन बसलं. अगदी पातळ करून, लावलं की लगेच स्वच्छ पाण्यात बुडवायचं, असं केल्यावर जमलं. कडा सावलीच्या पानासारख्या धारदार येत नाहीत, कुंचल्याच्या ओघळासारख्या येतात. पान आणि पाणी यांच्या मधलं काहीतरी. त्यातून तीन कागद निवडले, स्कॅनरवर ६०० ने घेतले (काका, हो), कापून चिकटवायची युक्ती आधी कागदावर केली आणि मग क्रिटात. हाफ-ड्रॉप केला. दूरून बघितल्यावर तिरपी माळ दिसत होती, तर एक पान उलटवलं आणि ती मोडली. या वेळी पडदा म्हणजे काय हे डोक्यात ठेवून केलं : घड्या पडणार, चित्र सपाट कधी दिसणारच नाही, म्हणून एका घडीच्या रुंदीत काहीतरी पुरं दिसलं पाहिजे. आडवी_रेघ, हे तुमच्यामुळे.

संच पुरा होईपर्यंत विक्रीचं पान उघडायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा उघडलं.

आता अडचण. नमुन्याचं कापड मागवलं ते आलं, आणि माझा निळा जांभळा झालाय. संगणकाच्या पडद्यावर खोल, हिरवट झाक असलेला प्रशियन निळा आहे, कापडावर वांगी रंग. काय करू?

जुना_छापखाना
निळ्याचं हे जुनं दुखणं. निळ्यात किरमिजी जास्त पडली की जांभळा होतो. स्वतः सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची फाइल देता आली असती तर किरमिजीचं प्रमाण निळसरच्या निदान ३० टक्के खाली ठेवा म्हटलं असतं. पण तिथे एसआरजीबीच, म्हणजे पडद्याच्या रंगांची फाइलच घेत असतील, म्हणजे रूपांतर त्यांच्या यंत्रात होतं. तेव्हा अंदाज बांधत बसू नका, पट्टी करा. तुमच्या निळ्याचे २४ चौकोन, प्रत्येकात छटा थोडी थोडी हिरव्याकडे सरकवलेली, काही उजळ, काही गडद, प्रत्येकावर आकडा. ती पट्टी त्याच कापडावर छापून मागवा. मग मूळ कागद शेजारी धरा, दिवसाच्या उजेडात, दिव्याखाली नाही, आणि डोळ्याला जो जुळेल तो आकडा घ्या. संगणकाच्या पडद्याकडे बघूच नका. तो मागून उजळतो, कापड उजळत नाही.

निळीशाई
पट्टी आली. १७ नंबर आणि १८ नंबर यांच्यात अडकले आहे. आणि एक विचित्र गोष्ट. मूळ कागद मला आठवतो त्यापेक्षा फिका वाटतोय. आता जुळवायचं तरी कशाशी?

जुना_छापखाना
कागद कुठे ठेवला होता?

निळीशाई
खिडकीसमोर टांगला होता. महिनाभर. कौतुकाने.

जुना_छापखाना
सायनोटाइप उजेडाने उतरतो. तुमच्या निळ्यातलं लोह पांढऱ्या रूपात जातं. पण अंधारात, मोकळ्या हवेत ठेवलात तर बराचसा परत येतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. काही आठवडे थांबा, मग पट्टी लावा.

निळीशाई
कपाटात ठेवला. पट्टीही त्याच्याजवळच ठेवली आहे. दार उघडून बघायचं नाही असं ठरवलंय.

मधलीसुट्टी
दोनदा उघडणार.